थुंकीत स्क्वॅमस, नोडमध्ये स्मॉल सेल: श्वासमार्गाच्या नमुन्यांवरून कर्करोगाचा प्रकार ठरवताना

रुग्ण ६२ वर्षांचे, कामठी भागातल्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं बिडी, शिवाय रोज तीन-चार पुड्या खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). चार महिन्यांपासून खोकला, शेवटच्या महिन्यात बेडक्यात रक्ताच्या रेषा, वजन आठ किलोंनी उतरलेलं. एक्स-रेवर उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी सावली. अशा सावलीकडे आपल्याकडे आधी क्षय म्हणूनच पाहिलं जातं. इथेही बेडक्यात जंतू दिसले नसताना क्षयाची औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनी सावली कमी होण्याऐवजी वाढली, तेव्हा सीटी स्कॅन झाला. उजव्या वरच्या लोबच्या (फुफ्फुसाच्या खंडाच्या) ब्रॉन्कसभोवती (श्वासनलिकेच्या शाखेभोवती) ४.६ सेंटिमीटरचा ट्यूमर, लोब अर्धवट बसलेला. श्वासनलिकेच्या उजवीकडचा ४आर लिम्फ नोड २२ मिलिमीटर आणि श्वासनलिका दुभंगते त्याखालचा ७ क्रमांकाचा नोड १४ मिलिमीटर.

सोबत बाहेरच्या एका प्रयोगशाळेचा थुंकीचा अहवाल होता: कर्करोगाच्या पेशी आहेत, प्रकार स्क्वॅमस (सपाट आवरणपेशींचा). ट्यूमर मध्यभागी, माणूस बिडी ओढणारा, पेशी केराटिन (त्वचा-नखांतलं कडक प्रथिन) बनवणाऱ्या. सगळं जुळत होतं. तरी अंतिम निदान स्मॉल सेल कार्सिनोमा (लहान पेशींचा, झपाट्याने वाढणारा कर्करोग) निघालं, आणि थुंकीतल्या त्या स्क्वॅमस पेशीही कर्करोगाच्याच होत्या.

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. नागपुरात आणि आसपास सायटॉलॉजीच्या (सुट्या पेशींच्या तपासणीच्या) टेबलावर सुटे सुटे येणारे पेच इथे एका रुग्णाभोवती आणले आहेत. आमचं म्हणणं एवढंच आहे की पेशी ओळखणं हे अर्धं काम. ती कोणत्या वाटेने स्लाइडवर आली, हे कळल्याशिवाय तिच्यावरून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार ठरवता येत नाही.

प्रकार ठरवण्याची एवढी निकड का, तर उपचार त्यावर फिरतात. स्मॉल सेल असेल तर प्लॅटिनम आणि इटोपोसाइड ही केमोची औषधं, आणि आजार छातीच्या एका बाजूपुरता असेल तर सोबत रेडिएशन. अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथिपेशींचा कर्करोग) असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकांच्या तपासण्या आल्या. स्क्वॅमसमध्ये पेमेट्रेक्सेड हे औषध चालत नाही आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधाने फुफ्फुसात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. ‘नॉन-स्मॉल सेल’ एवढं लिहून पूर्वी भागायचं, आता भागत नाही.

थुंकी: तीन डबे, तीन तऱ्हा

सलग तीन सकाळींचे नमुने मागवले. पहिल्या डब्यात नुसती लाळ. स्लाइडवर तोंडातल्या सपाट पेशी, जिवाणू, पोळीचे कण आणि खर्र्यातल्या सुपारीच्या वनस्पतिपेशी. या वनस्पतिपेशींची भिंत जाड आणि चकाकणारी असते, आत कधी गडद केंद्रकासारखं काही दिसतं, आणि नवख्या नजरेला त्या केराटिनयुक्त कर्कपेशी वाटू शकतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेतला की भिंतीची दुहेरी रेघ दिसते आणि शंका मिटते.

नमुना छातीतून आला की नाही, याची एकच खूण आहे: धूळ गिळलेल्या अल्व्हिओलर (फुफ्फुसाच्या वायुकोशांतल्या) मॅक्रोफेज पेशी. त्या नसतील आणि असामान्य पेशीही दिसल्या नाहीत, तर नमुना अपुरा. पहिल्या डब्यात एकही मॅक्रोफेज नव्हती. रुग्णाला टेक्निशियनने पुन्हा समजावलं: “काका, थुंकू नका. उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरा, खर्रा खायच्या आधी. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि खोकून छातीतला बेडका काढा.” दुसऱ्या डब्यात मॅक्रोफेज होत्या, पण डबा मे महिन्यातल्या दुपारी दुचाकीच्या डिकीतून दोन तास प्रवास करून आला होता. पेशी सडलेल्या, केंद्रकं काळ्या ठिपक्यांसारखी आकसलेली. उन्हाळ्यात ताजा नमुना तासाभरात पोहोचणार नसेल तर डब्यात आधीच बेडक्याइतकंच ५० टक्के अल्कोहोल घालून द्यावं, नाहीतर नमुना फ्रिजमध्ये ठेवावा. साकोमान्नो पद्धतीत ५० टक्के इथेनॉलमध्ये २ टक्के कार्बोवॅक्स घालतात आणि बेडका ब्लेंडरमध्ये फिरवतात. पेशी पुष्कळ गोळा होतात, पण म्युकसच्या धाग्यांत ओळीने बसलेले स्मॉल सेलचे पुंजके विस्कटतात. क्षयाची शक्यता असताना ब्लेंडर उघडणं टेक्निशियनसाठी धोक्याचंही असतं.

तिसरा डबा चांगला होता. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये बेडका पेट्री डिशमध्ये ओतून काळ्या पृष्ठावर ठेवला. रक्ताळलेला भाग आणि पांढरट घट्ट कण काडीने उचलून चार स्लाइड केल्या आणि ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्या. पॅप स्टेननंतर (यात केराटिन नारिंगी दिसतं) चारही स्लाइडवर भडक नारिंगी पेशी दिसल्या. शेपटीसारख्या लांबलेल्या, काही चकतीसारख्या, केंद्रकं शाईच्या थेंबासारखी काळी आणि कोनेदार. बाहेरच्या प्रयोगशाळेने पाहिल्या त्या याच. या पेशी कर्करोगाच्या होत्या, यावर दुमत होण्यासारखं काही नव्हतं.

इथे थांबून विचारायला हवं होतं की त्या आल्या कुठून. थुंकी ही फुफ्फुस, श्वासनलिका, स्वरयंत्र, घसा आणि तोंड या सगळ्यांचं मिश्रण असते. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या थुंकीतल्या केराटिनयुक्त कर्कपेशीला विदर्भात निदान दोन पत्ते असू शकतात. मॅक्रोफेज दिसल्या म्हणजे नमुन्यात छातीतलं काहीतरी आलं एवढंच कळतं. नमुन्यातली प्रत्येक पेशी छातीतून आली, असं त्यावरून ठरत नाही.

ब्रश: दोन स्लाइड नारिंगी, चार निळ्या

ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहताना) उजव्या वरच्या लोबचं तोंड दबलेलं होतं. वरचा श्लेष्मल थर सुजलेला आणि खडबडीत, पण फुटून वर आलेला ट्यूमर नव्हता. दिसायला छोटी वाटणारी ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्मॉल सेल बहुधा श्लेष्मल थराखालून पसरतो, स्क्वॅमस बहुधा थरातूनच उगवतो. ब्रश वरवर फिरला तर खालचा ट्यूमर हाती लागत नाही, म्हणून त्याच जागी पाच-सहा वेळा मागेपुढे घासायला सांगितलं होतं.

ब्रशच्या सहा स्लाइड आल्या. पहिल्या दोन पॅपखाली पाहिल्या तेव्हा मोठ्या, फिकट केंद्रकांच्या पेशी दिसल्या, पेशीद्रव गुलाबी-नारिंगी. थुंकीचा अहवाल डोक्यात असताना ‘कमी विभेदित स्क्वॅमस’ हे शब्द आपोआप ओठांवर येतात. पण त्याच स्लाइडवर शेजारी ब्रॉन्कसच्या निरोगी पेशींचा एक पट्टा होता, टोकाला सिलिया (केसांसारखे तंतू) शाबूत, आणि त्यांचंही पेशीद्रव नारिंगी झालं होतं. सिलिया असलेली पेशी केराटिन बनवत नाही. म्हणजे तो रंग पेशीचा नव्हता, वाळण्यातून आला होता.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. ओली पेशी अल्कोहोलमध्ये पडली की आकसते, गोल राहते आणि क्रोमॅटिनची (केंद्रकातल्या डीएनएच्या जाळ्याची) घडण जशीच्या तशी थिजते. तीच पेशी हवेत वाळली तर काचेवर चपटी पसरते. केंद्रक फुगून मोठं आणि फिकट दिसतं, कडा पुसट होतात, आणि पेशीद्रव पॅपमधला नारिंगी-गुलाबी रंग जास्त ओढून घेतं. स्मॉल सेलची ओळखच लहान आकार आणि बारीक दाणेदार क्रोमॅटिनवर उभी असल्यामुळे वाळण्याने नेमकी तीच खूण जाते, आणि बदल्यात खोटं केराटिन मिळतं. खरं केराटिन दाट, काचेसारखं असतं, कडा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट, आणि आतलं केंद्रक आकसून काळं झालेलं. फिकट फुगलेलं केंद्रक आणि मळकट नारिंगी पेशीद्रव एकत्र दिसलं की आधी स्लाइड कशी फिक्स झाली ते विचारावं.

नवतपाच्या दिवसांत नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. ब्रशचा पातळ थर काही सेकंदांत वाळतो. पहिल्या दोन स्लाइड ब्रश फिरवून ट्रेमध्ये ठेवल्या गेल्या आणि सगळ्या मिळून अल्कोहोलमध्ये पडल्या. त्या खोलीत पंखाही चालू होता. बाकीच्या चारपैकी तीन थेट कॉप्लिन जारमध्ये गेल्या आणि एक मुद्दाम वाळवून जिएम्सासाठी (वाळलेल्या स्लाइडवर वापरायच्या रंगासाठी) ठेवली होती.

उपाय साधा आहे, पण तो रुग्णाच्या उशाशीच करावा लागतो. ब्रश बाहेर येण्याआधी जारचं झाकण उघडं हवं. एकाने ब्रश काचेवर गोल फिरवायचा, दाबून घासायचा नाही, आणि दुसऱ्याने ती काच त्याच क्षणी बुडवायची. निदान १५ मिनिटं आत राहू द्यायची. ९५ टक्के इथेनॉल परवान्याअभावी मिळत नसेल तर शुद्ध मेथॅनॉल किंवा ८० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. उघड्या जारमधलं अल्कोहोल उन्हाळ्यात झपाट्याने उडतं, उरलेल्यात पाणी वाढतं आणि फिक्सेशन कच्चं होतं. म्हणून जार रोज बदलावी. स्प्रे वापरणार असाल तर अंतर २५ ते ३० सेंटिमीटर. जवळून मारला तर पेशी फवाऱ्याच्या जोराने सरकतात. स्लाइड नुकतीच वाळली असेल तर अर्धा मिनिट नॉर्मल सलाइनमध्ये बुडवून मग अल्कोहोलमध्ये टाकली की बरीचशी सावरते. शिवाय लाल पेशी फुटून पार्श्वभूमी साफ होते. दोन-तीन तासांनी मात्र या युक्तीचा उपयोग नाही. पावसाळ्यात गणित उलटतं: जिएम्साच्या स्लाइड दमट हवेत वाळायला वेळ लावतात आणि पेशी अर्धवट आकसून बिघडतात. तेव्हा त्यांच्यासाठी छोटा पंखा लावावा, पण पॅपच्या स्लाइडपासून दूर.

ओल्या फिक्स झालेल्या तीन स्लाइडवर चित्रच निराळं होतं. चिरडून दोऱ्यांसारख्या ओढल्या गेलेल्या निळ्या-काळ्या रेषा, आणि त्यांच्या कडेला शाबूत पेशींचे छोटे गट. केंद्रकं एकमेकांना दाबून बसलेली, एकाची बाक दुसऱ्याच्या खोबणीत. क्रोमॅटिन बारीक, सगळीकडे सारखं विखुरलेलं, न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) जवळजवळ नाही, पेशीद्रव नावापुरतं. मधूनमधून मेलेल्या पेशींचे काळे तुकडे, आणि एका गटात मायटोसिस (पेशीविभाजन). केराटिन असलेली एकही पेशी नाही.

चिरडलेल्या रेषांवरून निदान करू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि कार्सिनॉइडच्या (सावकाश वाढणाऱ्या एका ट्यूमरच्या) पेशीही दाबल्या की अशाच ओढल्या जातात. निदान कडेच्या शाबूत पेशींवर करावं. आकार मोजायलाही त्याच स्लाइडवरची शांत लिम्फोसाइट घ्यावी: स्मॉल सेलची पेशी साधारण तीन लिम्फोसाइटच्या रुंदीपेक्षा लहान असते. जिएम्सावर वाळल्यामुळे पेशी मोठ्या दिसतात, म्हणून पॅपवरची लिम्फोसाइट मनात धरून जिएम्सावरची पेशी मोजली तर चूक होणारच. इथल्या जिएम्सा स्लाइडवर काही पेशींत केंद्रकाला लागून छोटे निळे गोळे होते. स्मॉल सेलमध्ये ते बऱ्याचदा सापडतात. निदान त्यांच्यावर बांधू नये, पण मदत होते.

आणखी एक नक्कल डोळ्यांपुढे हवी. बिडी ओढणाऱ्याच्या ब्रशमध्ये रिझर्व्ह पेशींचे (ब्रॉन्कसच्या आवरणातल्या राखीव पेशींचे) घट्ट पुंजके येतात. लहान, गडद, केंद्रकं एकमेकांना चिकटलेली. पण पुंजका सुटत नाही, सगळ्या पेशी एका मापाच्या असतात, नेक्रोसिस (पेशींचा मृत्यू) नसतं, मायटोसिस नसतं, आणि पुंजक्याच्या एका टोकाला अनेकदा सिलियावाल्या पेशींची रांग सापडते. या स्लाइडवर यांपैकी काही नव्हतं.

वॉश

ब्रशनंतर सलाइन सोडून परत ओढून घेतलेला वॉश ३० मिलिलिटर आला. दोन सायटोस्पिन (यंत्रात फिरवून पेशी बसवलेल्या स्लाइड) केले, गाळाचा एक भाग झील-नील्सनसाठी आणि एक सीबीनॅटसाठी, या दोन्ही क्षयाच्या तपासण्या. दोन्हींत क्षयाचं काही आढळलं नाही. हा भाग वगळू नये. क्षयाच्या पोकळीभोवतीच्या किंवा तिच्यात वाढलेल्या अ‍ॅस्परजिलसच्या गोळ्याभोवतीच्या स्क्वॅमस मेटाप्लाझियात (आवरणपेशींच्या सपाट पेशींत होणाऱ्या रूपांतरात) इतका गोंधळ असतो की त्या पेशी कर्करोगाच्या वाटतात.

सायटोस्पिनवर दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या: स्मॉल सेलचे पाच-सहा छोटे गट, आणि विखुरलेल्या सात-आठ नारिंगी कर्कपेशी.

नोड

ईबीयूएस (श्वासनलिकेतून सोनोग्राफीने पाहून सुई घालणं) करताना २२ गेजच्या सुईने आधी ७ क्रमांकाचा नोड घेतला, मग ४आर. जिथे रोग असण्याची शक्यता कमी, तिथून सुरुवात. ज्या सुईने रोगट नोड टोचला त्याच सुईने पुढच्या नोडमध्ये गेलो तर स्टेजच खोटी ठरू शकते. नोड ७ मध्ये भरपूर लिम्फोसाइट आणि कोळशाच्या धुळीने काळ्या झालेल्या मॅक्रोफेज आढळल्या, ट्यूमर नाही. खाणीत काम केलेल्यांच्या नोडमध्ये हे रंगद्रव्य इतकं असतं की मागच्या पेशी झाकल्या जातात. अशा वेळी स्लाइडचा पातळ भाग शोधावा.

४आरमध्ये पाच वेळा सुई घातली. पहिल्या दोन वेळचा माल स्लाइडसाठी, त्यातली एक स्लाइड लगेच टोल्युडिन ब्लूने जागेवर पाहिली. जागेवर पाहणाऱ्याने तिथेच प्रकार जाहीर करायचा नसतो. पेशी पुरेशा आहेत का आणि पुढचा माल कुठे घालायचा, एवढंच सांगायचं. इथे ‘लहान निळ्या पेशी भरपूर, उरलेला सगळा माल सेल ब्लॉकला’ असं सांगितलं गेलं. सेल ब्लॉक म्हणजे पेशींची गुठळी करून मेणात बसवलेला ठोकळा. स्लाइडवर लिम्फोमाचाही विचार आला असता तर एक वेळचा माल आरपीएमआयमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) फ्लो सायटोमेट्रीसाठी ठेवायला हवा होता. इथे पेशी गटाने येत होत्या, म्हणून तशी गरज पडली नाही.

सेल ब्लॉकला इथे वारंवार नाट लागते. प्लाझ्मा-थ्रॉम्बिनने गुठळी करायची तर नमुना सलाइनमध्ये हवा. सुई फॉर्मॅलिनमध्ये धुतली की फायब्रिनोजेन गोठण्याच्या कामाचं राहत नाही, गुठळी धरत नाही, आणि टेक्निशियन थ्रॉम्बिनला दोष देत बसतो. फॉर्मॅलिनमध्ये आलेल्या नमुन्यासाठी अगार वापरावं. इथे माल सलाइनमध्ये होता. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी पूर्ण काढलं, गाळात दोन-दोन थेंब प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिन घातलं, गुठळी फिल्टर पेपरमध्ये गुंडाळून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवली. ब्लॉक कापताना पहिल्या एच-ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडसोबतच दहा कोऱ्या स्लाइड एका दमात कापून घेतल्या. ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर नव्याने चढवला की पातळी जुळवण्यातच काही छेद वाया जातात, आणि सायटॉलॉजीच्या ब्लॉकमध्ये वाया घालवण्याइतकं काही नसतं.

इम्युनोचे (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासणीचे) निकाल असे आले. सायटोकेरॅटिन: केंद्रकाच्या कडेला ठिपक्यासारखं. सिनॅप्टोफायसिन: बहुतेक पेशींत. क्रोमोग्रॅनिन: मोजक्या पेशींत, फिकट (या दोन्ही न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या खुणा). टीटीएफ-१: केंद्रकांत ठळक. पी४० (स्क्वॅमसची खूण): ट्यूमर पेशींत नाही. एलसीए (पांढऱ्या पेशींची खूण): फक्त लिम्फोसाइटमध्ये. की-६७ (वाढत्या पेशींचं प्रमाण): ९० टक्क्यांच्या आसपास.

यातल्या दोन गोष्टींवर हमखास घसरगुंडी होते. टीटीएफ-१ दिसलं की अ‍ॅडेनोकार्सिनोमा, हे समीकरण चूक. बहुसंख्य स्मॉल सेल कार्सिनोमा टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असतात. अ‍ॅडेनोच्या खुणा म्हणजे म्युसिन, फेसाळ पेशीद्रव, एका बाजूला सरकलेलं केंद्रक, ठळक न्यूक्लिओलस, त्रिमितीय गोळे. यातलं काहीच इथे नव्हतं. दुसरी गोष्ट पी४०ची. ब्लॉकच्या कडेला पी४० पॉझिटिव्ह पेशींचा एक पट्टा होता. ईबीयूएसची सुई ब्रॉन्कसच्या भिंतीतून जाते, आणि तिथल्या बेसल पेशी पी४० घेतातच. रंग कोणत्या पेशीत आहे ते न पाहता ‘पी४० थोडंसं पॉझिटिव्ह’ असं लिहिलं तर अहवाल स्क्वॅमसकडे झुकतो. पॉझिटिव्ह म्हणायचं ते ट्यूमरच्या केंद्रकातल्या रंगाला.

की-६७ इथे कार्सिनॉइडला बाजूला करण्यासाठी केलं. कार्सिनॉइडमध्ये तो साधारण ३० टक्क्यांच्या आत राहतो. लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइनमध्ये आकडा उंच असतो, पण पेशी मोठ्या, पेशीद्रव भरपूर आणि न्यूक्लिओलस स्पष्ट असतो. बेसलॉइड स्क्वॅमस दिसायला स्मॉल सेलच्या फार जवळ जातो, पण त्यात पी४० सरसकट सगळीकडे येतं.

सगळे नमुने शेजारी ठेवल्यावर

आता हातात दोन वेगळे कर्करोग होते, निदान पेशींच्या भाषेत. पहिली शक्यता संमिश्र स्मॉल सेल कार्सिनोमा, म्हणजे एकाच ट्यूमरमध्ये स्मॉल सेल आणि स्क्वॅमस. हा प्रकार खरा आहे आणि विसरू नये असा आहे. दुसरी शक्यता: फुफ्फुसात स्मॉल सेल, आणि नारिंगी पेशी वरून, तोंड-घशातून आलेल्या.

निवाडा केला तो नमुन्यांच्या वाटेने. थुंकी तोंडातून येते: तिच्यात नारिंगी कर्कपेशी मुबलक. वॉश दुर्बिणीतून येतो, पण घसा लिग्नोकेनने बधिर केलेला असताना लाळ स्वरतंतूंच्या खाली उतरते: त्यात सात-आठ. ब्रश आवरणातून थेट ट्यूमरवर जातो: ओल्या फिक्स झालेल्या स्लाइडवर शून्य. सुई भिंतीपलीकडे: शून्य. स्मॉल सेलचा क्रम नेमका उलटा. सुईत गच्च, ब्रशमध्ये भरपूर, वॉशमध्ये मोजके गट. थुंकीच्या चारही स्लाइड पुन्हा चाळल्यावर म्युकसच्या एका धाग्यात ओळीने बसलेल्या, एकमेकांना दाबणाऱ्या बारा-पंधरा लहान काळ्या पेशी सापडल्या. पहिल्या वाचनात त्या लिम्फोसाइट म्हणून सुटतात, कारण नजर नारिंगी रंगाने खेचलेली असते. लिम्फोसाइट सुट्या आणि एका मापाच्या असतात, अशी ओळ धरून एकमेकींना दाबत नाहीत.

नारिंगी पेशी ट्यूमरच्या असत्या तर ट्यूमरच्या जितकं जवळ जावं तितक्या त्या वाढायला हव्या होत्या. त्या कमी होत गेल्या.

म्हणून अहवाल बंद करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला: तोंड पाहिलं आहे का? तोंड नीट उघडतच नव्हतं. सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं आवरण ताठरणं) झालेला, वरच्या-खालच्या दातांतलं अंतर २२ मिलिमीटर. ब्रॉन्कोस्कोपीही त्याच कारणाने नाकातून झाली होती, आणि गालाची आतली बाजू कुणाला धड दिसली नव्हती. दंतशल्यचिकित्सकांनी छोटा आरसा आणि प्रकाश घेऊन पाहिलं, तेव्हा डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळच्या खोबणीत दीड सेंटिमीटरचा कडक कडांचा व्रण सापडला. काका खर्रा तिथेच ठेवत. बायोप्सीत केराटिन बनवणारा, चांगला विभेदित स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. स्लाइडवरच्या पेशी थुंकीतल्या पेशींशी जुळत होत्या.

अहवालात काय लिहिलं

जागतिक आरोग्य संघटना आणि इंटरनॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायटॉलॉजी यांनी २०२२ मध्ये फुफ्फुसाच्या सायटॉलॉजीसाठी पाच गट दिले: अपुरा, सौम्य, असामान्य, कर्करोगाचा संशय आणि कर्करोग. त्यानुसार प्रत्येक नमुना स्वतंत्र लिहिला. एकाच ओळीत सगळं उरकलं नाही.

थुंकी १: अपुरा, मॅक्रोफेज नाहीत. थुंकी २: अपुरा, पेशी सडलेल्या. थुंकी ३: कर्करोग. ‘केराटिनयुक्त स्क्वॅमस कर्कपेशी, उगम तोंड किंवा वरचा श्वासमार्ग असण्याची शक्यता. वेगळ्या, स्मॉल सेल कार्सिनोमाच्या पेशींचा एक छोटा गट.’ ब्रश: कर्करोग, स्मॉल सेल कार्सिनोमा, दोन स्लाइड वाळल्यामुळे प्रकार ठरवण्यास अयोग्य. वॉश: कर्करोग, स्मॉल सेल, स्क्वॅमस कर्कपेशी मोजक्या, बहुधा वरून आलेल्या, क्षयाचे जंतू नाहीत. नोड ७: सौम्य, नमुना पुरेसा. नोड ४आर: कर्करोग, स्मॉल सेल कार्सिनोमा, सेल ब्लॉक आणि इम्युनोने पुष्टी. खाली एक टीप: ‘संमिश्र स्मॉल सेल कार्सिनोमा या नमुन्यांवरून पूर्णपणे नाकारता येत नाही.’

वाळलेल्या स्लाइडचा उल्लेख अहवालात करावा, असं आमचं मत आहे. पुढे कुणी स्लाइड मागवून पाहिल्या तर त्याला दोन नारिंगी स्लाइडचं कोडं पडू नये, आणि ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीलाही कळावं की कुठे हुकलं.

मेंदूचा एमआरआय आणि पेट-सीटी झाल्यावर फुफ्फुसाचा आजार एका रेडिएशन क्षेत्रात बसणारा निघाला. ट्यूमर बोर्डाने स्मॉल सेलला आधी हात घालायचं ठरवलं, कारण तो वाढतो झपाट्याने. गालाच्या शस्त्रक्रियेची वेळ केमोथेरपीच्या प्रतिसादावर ठेवली. उरलेल्या तीन कोऱ्या स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवले. केमोनंतर फुफ्फुसातली सावली बरीच वितळली आणि एखादा भाग तसाच अडून राहिला, तर तिथून नवा नमुना घ्यावा, असं बोर्डाला लिहून दिलं. संमिश्र ट्यूमरमधला स्क्वॅमस भाग केमोला कमी दाद देतो आणि मागे उरतो. नवा नमुना आला की त्यावर पी४० पहिल्यांदा लावायचं.